अंध बालकाची शाळा केव्हा सुरू होते?

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण लिपीपासून सुरुवात करतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाउय यांनी काढलेली शाळा, तिथली उठावाच्या अक्षरांची जाडजूड पुस्तके आणि मग लुई ब्रेलची सहा टिंबे. यात विद्यार्थ्यांच्या वयाकडे कुणी फारसे पाहत नाही. हाउय यांचा पहिला विद्यार्थी फ्रान्स्वा लझ्युअर हा भीक मागून जगणारा तरुण होता. ब्रेल १८१९ साली त्या शाळेत दाखल झाला तेव्हा दहा वर्षांचा होता. मात्र त्याआधीची त्याची वर्षे वाया गेली नव्हती. खोगिरे शिवणाऱ्या बापाच्या घरात तो वाढला आणि गावच्या साध्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसला. त्याच्या बोटांची तयारी पॅरिसला जाण्यापूर्वीच झाली असावी, असे मानायला जागा आहे. बहुतेक अंध मुलांना असे घर मिळत नसे. जपणुकीच्या नावाखाली त्यांना एका कोपऱ्यात बसवले जाई आणि शाळेची पायरी चढेपर्यंत हातपाय आखडलेले असत. म्हणून माझे म्हणणे असे की, अंधशिक्षणात लिपीच्या शोधाइतकाच मोठा बदल बालवाडीने घडवला.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, नळकांडे, घन, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम, गाणी हा त्यांचा अभ्यासक्रम. प्रशियाच्या सरकारला त्यात नास्तिकतेचा आणि समाजवादाचा वास आला आणि १८५१ मध्ये बंदीही आली, हे आज वाचताना हसू येते. ही पद्धत अमेरिकेत ज्या शहरांत रुजली त्यांत बॉस्टन होते, आणि त्याच शहरात पर्किन्स ही नामांकित अंधशाळा होती. १८७६ साली संस्थापक-संचालक सॅम्युअल हाउ वारले आणि त्यांचे ग्रीक जावई मायकेल अनाग्नोस यांच्याकडे सूत्रे आली. मोठ्या वयात येणाऱ्या मुलांच्या मंदपणाचे खापर अंधत्वावर फोडले जात होते. अनाग्नोस यांनी ते बालपणीच्या हेळसांडीवर फोडले. देणग्यांसाठी त्यांनी सारे बॉस्टन पालथे घातले, आणि १८८७ साली जमैका प्लेन या भागात अंध मुलांसाठी स्वतंत्र निवासी बालवाडी उभी राहिली. पुढे छोट्या हेलन केलरनेही तिच्यासाठी निधी गोळा केला.

हेलनच्या खटपटीमुळे १८९१ साली तिथे आलेला टॉमी स्ट्रिंगर हा या प्रयोगाचा सर्वांत बोलका पुरावा. पाचेक वर्षांचा, आंधळा आणि बहिरा, चालण्याऐवजी रांगणारा. हाच मुलगा पुढे सुतारकामात तरबेज झाला. एका मुलावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. पण कित्येक दशकांनंतर सेल्मा फ्रायबर्ग यांनी मिशिगनमध्ये जन्मांध बाळांचा जो बारकाईने अभ्यास केला आणि १९७७ साली पुस्तकरूपाने मांडला, तो याच दिशेने बोट दाखवतो. डोळस बाळ खेळणे दिसले की हात पुढे करते. अंध बाळ नुसत्या आवाजाकडे हात नेऊ लागते ते पहिले वर्ष सरत आल्यावर, आणि तोवर रांगणेही लांबते. आवाज येतो तिथे धरण्याजोगी वस्तू असते, हे त्याला कुणीतरी हात धरून शिकवावे लागते. आईबापांना हे समजावून दिले की ती दरी बरीच भरून येते, असे फ्रायबर्ग यांना आढळले.

फ्रोबेलची साधने डोळ्यांसाठी होती, रंगीत चेंडूंचा आंधळ्या पोराला काय उपयोग, असे कुणी विचारेल. पण रंग वगळला तरी चेंडूचा गोलपणा, घनाची कड, मातीचा ओलावा उरतोच. डोळस मुलांसाठी रचलेली ही पद्धत अंध मुलांना कदाचित अधिकच लागू पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाच वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून वसतिगृहात ठेवायचे? गंमत अशी की या आक्षेपाला सर्वांत मोठा आधार खुद्द हाउ यांचाच आहे. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया येथे नव्या अंधशाळेची कोनशिला बसवताना, अंधांना समाजापासून वेगळे काढून एकत्र कोंडू नका, असा इशारा त्यांनी दिला होता. त्यांच्याच संस्थेने वीस-एकवीस वर्षांनी त्याच्या उलट पाऊल टाकले. माझ्या मते अनाग्नोस यांनी निवडलेले वय बरोबर होते आणि जागा चुकली होती. अर्थात ज्या घरात मूल खाटेला खिळवून ठेवले जाई, त्या घरापेक्षा जमैका प्लेन कितीतरी बरे.

आपल्याकडे १८८७ सालीच ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधशाळा काढली, तर १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी. म्हणजे आपली सुरुवात फार उशिरा झाली असे नाही. तरीही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा अधिकार सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची, सर्वांत मोलाची वर्षे अंगणवाडीच्या आणि आईबापांच्या भरवशावर. २०२३ साली दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती केंद्राने जाहीर केली, हे चांगलेच झाले. पण पोषण आहार, वजनकाटा आणि नोंदवह्यांखाली दबलेल्या सेविकेला अंध बाळाचा हात कसा धरायचा हे प्रत्यक्ष दाखवणारे कुणी हवे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. फिरता प्रशिक्षित शिक्षक लागतो, आणि त्याचा पगार सरकारने द्यायला हवा.