बॉनेटखाली की डॅशबोर्डखाली?

पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजात जुनी इम्पोर्टेड गाडी आली, की स्कॅनरच्या आधी टॉर्च बाहेर निघतो. बिघाड नंतर, आधी स्कॅनर लावायचा कुठे, हे शोधायचं.

नव्या गाडीत हा प्रश्न उरलेला नाही. अमेरिकेने १९९६च्या गाड्यांपासून ओबीडी-२ (बिघाडाचे कोड स्कॅनरला सांगणारी प्रमाणित यंत्रणा) सक्तीचं केलं आणि सोळा पिनांचं सॉकेट डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या हाताशी आलं. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१पासून लागू झालं; भारतात ओबीडी-१ एप्रिल २०१०ला, ओबीडी-२ एप्रिल २०१३ला. त्याआधी ज्याचा त्याचा कारभार.

मर्सिडीजचंच घ्या. ई-क्लासची डब्ल्यू-१२४ ही पिढी १९९५पासून पिंपरीतच, टेल्कोच्या आवारात जोडली जात होती. कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली ती २००९मध्ये. तरी नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीजचं सॉकेट पिंपरीतल्या मेकॅनिकलाही शोधावंच लागतं. ते बॉनेटखाली असतं. पुढे रूढ झालेला प्रकार म्हणजे ३८ पिनांचं गोल सॉकेट. इंजिन, एबीएस, एअरबॅग यांचे कॉम्प्युटर वेगळे आणि त्यांच्या पिनाही वेगळ्या. त्या काळच्या बीएमडब्ल्यूतही बॉनेटखालीच बघायचं; तिथे २० पिना आणि वर फिरकीचं काळं झाकण.

टोयोटात तर स्कॅनरशिवायही भागायचं. बॉनेटखालच्या छोट्या डबीवर ‘डायग्नोसिस’ असं लिहिलेलं. आतल्या टीई-१ आणि ई-१ या पिना वायरच्या तुकड्याने जोडून इग्निशन ऑन केलं, की चेक लाइट लुकलुकू लागतो. दोनदा लागला, थांबला, पुन्हा दोनदा लागला, तर कोड २२: कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघा. मात्र जोडायच्या पिना या दोनच. अंदाजाने दुसऱ्या जोडल्या तर कॉम्प्युटर जळून बसायचा.

सोळा पिनांचं सॉकेट सापडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. सक्तीच्या आधीही काही कंपन्या तोच आकार वापरत, पण आतली भाषा त्यांची स्वतःची. स्वस्तातला स्कॅनर बरोबर बसतो आणि ‘नो लिंक’ दाखवतो. अशा वेळी मीटर घ्यावा. चौथ्या पिनेवर अर्थिंग, सोळावीवर बॅटरीचा पॉझिटिव्ह. दोन्हींमध्ये बारा व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. काहीच नाही मिळालं तर फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरचाच असतो. व्होल्टेज ठीक असेल, तर सातवी पिन बघा. स्कॅनरशी बोलणारी तार, के-लाइन, तिथे येते. ती जागा रिकामी असेल आणि सहावी-चौदावीवर कॅन (CAN) या नव्या पद्धतीच्या पिनाही नसतील, तर गाडी बहुधा कंपनीच्याच टूलशी बोलणार.

म्हणून चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी गाडीचं साल आणि ती मुळात कोणत्या देशासाठी बनली, हे विचारतो. सॉकेट कुठे असेल आणि कोणता स्कॅनर चालेल, हे निम्मं तिथेच ठरतं. ते न विचारता डॅशबोर्ड खोलणाऱ्याच्या गॅरेजात मजुरीचं बिल शोधाशोधीचंच होतं.