सलाईनवर पोट भरतं का?

लोट्याला आमच्या शेजारी सातव्या महिन्यातच बाळ जन्मलं. दूध पचेना. आजीनं विचारलं, "भाई, सलाईनवर पोट भरतं का हो?"

नाही भरत. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर अवघी 25 ग्रॅम. तांदळाच्या एका भाकरीइतकीही ताकद नाही. (आपण मात्र अशक्तपणा वाटला की बाटली मागतो!) शिरेतून द्यायचं अन्न वेगळं. त्यात साखरेबरोबर प्रथिनांचे घटक, स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वंही असतात. ते बरेच दिवस द्यायचं तर बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. फिलाडेल्फियात 1967 मध्ये डॉ. डडरिक आणि सहकाऱ्यांनी लहान आतडं जवळजवळ नसलेलं बाळ असं वाढवलं होतं.

पण नळीतून जंतुसंसर्ग होतो, यकृतही बिघडू शकतं. म्हणून आईचं दूध थेंब थेंब चालू ठेवतात. ते पचू लागलं की बाटली कमी करतात. आजीला एवढंच म्हटलं, सुनेला दूध काढत राहायला सांगा.