आर २६ : अडखळत्या पावलाची नोंद

‘चालायला त्रास होतो.’ ओपीडीत रोज कानावर पडणारी ही तक्रार. पण एक पाऊल पुढे पडायचे तर शरीरात काय काय घडावे लागते! मेंदूने हुकूम द्यायचा, लहान मेंदूने तोल सांभाळायचा, मज्जारज्जू आणि नसांनी निरोप स्नायूंपर्यंत न्यायचा, खुबा, गुडघा आणि घोटा वेळेवर वळायचे, आणि तळव्याने जमिनीची खबर परत वर पाठवायची. यातले काहीही बिघडले तरी पेशंटच्या तोंडून तेच तीन शब्द निघतात.

मग या तक्रारीची नोंद करायची कशी? त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, म्हणजे ‘आयसीडी’, आहे. १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी हे त्याचे मूळ. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मरणाच्या कारणांसोबत जगणाऱ्यांच्या आजारांनाही त्यात जागा मिळाली. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत जिचे कोड लिहितात त्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक निदानाला एक अक्षर आणि काही अंक असतात. चालीतल्या दोषांचा कोड आहे आर २६.

त्याच्या पोटात शिरले की बारकावे दिसू लागतात. पावले फाकवून, झोकांड्या खात चालणे म्हणजे आर २६.०. ताठरलेला किंवा लुळा पाय ओढत चालणे आर २६.१. आणि चालताना अडचण आहे, पण ती दुसऱ्या कुठल्याच घरात बसत नाही, तेव्हा आर २६.२.

या शेवटच्या कोडने मी थक्क होतो. ‘आर’ हे अख्खे प्रकरणच लक्षणांचे आहे. त्रास खरा आहे पण कारण अजून सापडलेले नाही, एवढेच प्रामाणिकपणे सांगण्याची सोय त्यात आहे. अंदाजाने एखाद्या रोगाचे नाव चिकटवण्यापेक्षा हे किती बरे! नियमही तसाच आहे. पक्के निदान होईपर्यंत आर २६. कारण सापडले की मुख्य निदान म्हणून त्या रोगाचा कोड. कंपवात निघाला तर जी २०. गुडघ्याची झीज निघाली तर एम १७. आणि तीही एका गुडघ्याची की दोन्हींची, आपोआप झालेली की जुन्या मारामुळे, यासाठी पुढचा अंक वेगळा. टाइप २ मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर दोन कोड जोडीने येतात : ई ११.४ हा मूळ आजाराचा आणि जी ६३.२ हा त्याने केलेल्या नुकसानीचा.

काही कोडांत इतिहास साठलेला आहे. नव्याने झालेला पोलिओ म्हणजे ए ८०, आणि पूर्वी होऊन गेलेल्या पोलिओने मागे ठेवलेले अपंगत्व म्हणजे बी ९१. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पण लहानपणी पोलिओ झालेले लाखो लोक आज प्रौढ आहेत, कॅलिपर बांधून कामाला जात आहेत. साथ गेली तरी बी ९१ लिहावाच लागतो.

रोगाचे नाव कळले तरी माणूस किती चालू शकतो हे त्यातून कळत नाही. म्हणून २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुसरे वर्गीकरण आणले, ‘आयसीएफ’. त्यात चालण्याचा कोड डी ४५० आहे. त्याची व्याख्या वाचा : एक पाऊल सतत जमिनीवर राहील अशा रीतीने पावलापावलाने पुढे जाणे. पळण्यात दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, म्हणून पळण्याचा कोड वेगळा.

डी ४५० च्या पुढे येणारे दोन अंक तर विलक्षण आहेत. पहिला अंक सांगतो की माणसाला रोजच्या जगण्यात चालताना किती अडचण येते; दुसरा सांगतो की ठरावीक, सोयीच्या जागी आधाराशिवाय चालताना किती येते. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे पूर्ण अडचण. समजा कोणाची नोंद डी ४५०.३१ अशी झाली. फिजिओथेरपीच्या सपाट हॉलमध्ये त्या व्यक्तीला किरकोळच त्रास, पण घराबाहेर मात्र गंभीर. म्हणजे दोष बराचसा उखडलेल्या फुटपाथचा आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचा! उलट आधाराशिवाय चालताना गंभीर अडचण असलेल्या कोणाला चांगला वॉकर आणि रॅम्प मिळाला तर ती नोंद .१३ होऊ शकते. पायाचे दुखणे आणि रस्त्याचे दुखणे वेगळे मोजणारी ही पद्धत आहे.

ही सगळी इमारत केसपेपरवरच्या शब्दांवर उभी आहे. डॉक्टरांनी लिहिलेच नाही ते कोड करणाऱ्याला मनाने भरता येत नाही, आणि तुम्ही सांगितलेच नाही ते डॉक्टर कुठून लिहिणार? म्हणून घरातल्या कोणाची चाल बदलली असेल तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. अंधारात तोल जातो का, थोडे चालल्यावर पोटरीत गोळा येऊन थांबले की बरे वाटते का, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का, हे नीट पाहा. यातले प्रत्येक उत्तर वेगळ्या आजाराकडे बोट दाखवते. ते डॉक्टरांना सविस्तर सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.