घरात घेतलेली टेरा

मुलांच्या उशाखाली सापडणाऱ्या चित्रकथा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आम्हीही म्हणत असू. मग अमेरिकेतील डीसी प्रकाशनाची ‘ज्यूडास काँट्रॅक्ट’ (१९८४) हाती पडली.

‘टीन टायटन्स’ हा अचाट शक्तीच्या तरुण वीरांचा जथा. १९८२ च्या अखेरीस त्यांची टेराशी गाठ पडली. पंधरा-सोळा वर्षांची पोर, दात किंचित पुढे, जीभ तिखट. दगडमाती मात्र तिच्या इशाऱ्यावर नाचे. त्यांनी तिला घरात घेतले. चेंजलिंगने तर तिच्यावर जीवच जडवला.

आणि ही बया होती डेथस्ट्रोक नावाच्या भाडोत्री मारेकऱ्याची हेर! डोळ्यांतल्या भिंगात कॅमेरा बसवून ती मित्रांची बित्तंबातमी त्याला पुरवी. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी तिचा दगा आणि शेवट आरंभापासूनच योजला होता. तो निरागस चेहराही मुद्दामच! वाचकांना हे १९८३ साली कळले, टायटन्सना १९८४ साली. मधल्या काळात वाचक ओरडून सांगणार तरी कोणाला?

अखेर सारे समोरासमोर येतात. आपल्याकडच्या गोष्टीत तिने रडून पाय धरले असते. टेरा तसले काही करीत नाही. डेथस्ट्रोकचा मुलगा जेरिको बापाच्या शरीराचा ताबा घेतो. मग तोही आपल्यावर उलटला असे वाटून ती बेभान होते आणि स्वतःच उसळवलेल्या दगडांखाली गाडली जाते.

टायटन्सनी तिला आपल्यातलीच मानून मूठमाती दिली. चेंजलिंग मात्र पुढेही दोष डेथस्ट्रोकलाच देत राहिला.