टायरमधली हवा : कमी नको, जास्त नको

आपल्या वस्तीत सायकल ही कधी हौसेची वस्तू नव्हती. कारखान्याची पाळी, दुधाची लाइन, पेपरची लाइन, मुलांची शाळा, हे सारे तिच्या दोन चाकांवर चालले. आता घराघरांत जाड टायरची, गिअरवाली 'माउंटन' सायकल दिसू लागली आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिची निगा मात्र आपण आजोबांच्या काळ्या सायकलीसारखीच घेत आहोत. त्याचा फटका कसा बसतो हे आमच्याच घरात घडले, म्हणून समाजबांधवांना सांगावेसे वाटले.

माझा भाचा देहूरोडला राहतो. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटी कामगार आहे. बसभाडे वाचावे म्हणून त्याने पगारातून पैसे साठवून माउंटन सायकल घेतली. रोजचा पंचवीस-तीस किलोमीटरचा पल्ला. आठ महिन्यांतच मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला. कडेची नक्षी मात्र जशीच्या तशी, नवी कोरी. "मामा, टायरच बोगस निघाला," असे त्याचे म्हणणे.

त्याच सुमारास, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, वस्तीतल्या पाच-सहा मुलांनी सायकलीवर भाजे लेणी पाहायला जायचे ठरवले. देहूरोडच्या ज्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथे वंदना घेऊन मुले जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाली. तीसेक किलोमीटरचे अंतर. लांब जायचे म्हणून भाच्याने वाटेत पेट्रोलपंपावर दोन्ही चाकांत मशीनने हवा भरून घेतली होती. टायर दगडासारखे कडक! कामशेतच्या पुढे एका वळणावर खडी पसरलेली होती. पुढचे चाक खडीवर नाचले आणि घसरले. कोपर सोलवटले, गुडघा सुजला. मागून गाडी येत नव्हती, एवढेच नशीब.

घाबरून त्याने दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकांतली हवा भरपूर सोडली. बुधवारी पहाटेच्या पाळीला जाताना चाक खड्ड्यात आदळले. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या. एवढ्या पहाटे पंक्चरचे दुकान कुठले उघडे असणार? सायकल ढकलत तो दीड तास उशिरा पोहोचला. गेटवरून परत पाठवले. खाडा पडला आणि दिवसाची मजुरी गेली.

त्या संध्याकाळी मी त्याची सायकल उलटी करून बसलो. टायर बोगस नव्हता. आधी हवा जास्त होती, मग कमी झाली. एवढीच गोष्ट.

अंगठ्याची परीक्षा का फसते?

जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते. त्यावर दाब मोजण्याचा गेज लावता येत नाही. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगठा दाबून हवा ओळखायची पद्धत धरली. अरुंद टायर, कडक हवा, हा त्या सायकलीचा हिशेब होता आणि तो तिच्यापुरता बरोबर होता.

माउंटन सायकलचा जन्मच उलट विचारातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरच्या कच्च्या वाटांनी खाली सोडू लागले. अशा फुगीर टायरच्या सायकली तिकडे १९३३ पासून मिळत होत्या. १९७६ मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या, पुढे खास त्यासाठी सायकली बनू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. या साऱ्याच्या मुळाशी एकच युक्ती होती : टायर जाड, हवा बेताची. दगड आला की टायर स्वतः दबतो, दगडाला कवेत घेतो आणि चाक जमिनीला धरून राहते. त्याच टायरमध्ये ठासून हवा भरली, तर दगडावर टायर दबत नाही. सायकल आणि माणूस दोघेही उडतात. उडालेल्या चाकाला ना पकड, ना ब्रेक. शिवाय खडबडीत रस्त्यावर प्रत्येक खड्याला सगळे वजन वर उचलावे लागते, म्हणून दमही जास्त लागतो. "कडक टायर हलका पळतो" हे गुळगुळीत रस्त्यावर काही अंशी खरे. आपल्या वस्तीतल्या रस्त्यांवर नव्हे.

हिशेब समजून घ्या

हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड जोर. भाच्याचे वजन ६० किलो, सायकल १५ किलो, मिळून ७५. त्यातले साधारण ६० टक्के, म्हणजे ४५ किलो किंवा १०० पौंड, मागच्या चाकावर येते. टायरमध्ये ४० पीएसआय हवा असेल तर ढोबळमानाने अडीच चौरस इंच रबर जमिनीला टेकते. ६५ भरली तर जेमतेम दीड चौरस इंच. तेवढ्याच मधल्या पट्ट्यावर सगळा भार आणि पॅडलचा सगळा जोर येतो. म्हणून टायर मधोमध झिजतो आणि कडा कोऱ्या राहतात. हवा २० वर आणली तर पाच चौरस इंच टेकते. पण मग टायरच्या बाजू सतत दुमडतात, त्यांना चिरा पडतात आणि खड्ड्यात ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चेचली जाते. त्या दोन चिरा अशाच पडल्या होत्या. काट्याचे भोक एक असते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी होती असे समजावे.

किती भरावी?

प्रत्येक टायरच्या बाजूवर कमीत कमी व जास्तीत जास्त दाब किंवा निदान जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. ती मर्यादा आहे. तेवढी हवा भराच, असा त्याचा अर्थ नाही. सुमारे २ इंच रुंदीच्या, ट्यूब असलेल्या टायरसाठी डांबरी रस्त्यावर पुढील आकड्यांनी सुरुवात करावी :

वजन ५० किलोच्या आसपास : ३५ ते ४०.
वजन ६० ते ६५ किलो : ४० ते ४५.
वजन ८० किलोच्या आसपास : ४५ ते ५०.

पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तेथे तीन-चार पीएसआय कमी. कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडे आणखी पाच कमी. कॅरिअरवर ओझे असेल तर मागे पाच जास्त. मात्र छापलेल्या मर्यादेबाहेर कधीही जाऊ नये.

हे आकडे मी सांगतो म्हणून मानू नका. आठवडाभर चालवून पाहा. हाताला हादरे बसत असतील तर दोन-तीनने कमी करा. खड्ड्यात रिम आदळल्याचा आवाज आला तर तेवढीच वाढवा. जो आकडा जमला, तो वहीत लिहून ठेवा. माउंटन सायकलला बहुधा मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्याला साधा खिशातला गेज चालतो. चार घरांत मिळून एक गेज आणि एक उभा पंप घेतला तरी पुरे. विहारात ठेवला तर साऱ्या वस्तीचे काम होईल.

पेट्रोलपंपाच्या मशीनवर मात्र सांभाळून. सायकलच्या टायरमध्ये हवा मावते थोडी आणि मशीनचा जोर मोठा, म्हणून क्षणात दाब दुप्पट होतो. शिवाय उन्हात सायकल तापली की तोच दाब आणखी चार-पाच पीएसआयने वाढतो. आधीच ठासून भरलेला, बाजूला चिरलेला टायर अशा वेळी दगा देतो.

झीज कशी ओळखावी?

मधले उंचवटे कडेच्या उंचवट्यांच्या निम्म्यावर आले, आतले धागे दिसू लागले, कुठे फुगवटा आला किंवा बाजूला खोल चिरा पडल्या, तर टायर बदलावा. मागचा टायर आधी झिजतो, कारण भार आणि पॅडलचा जोर त्याच्यावरच असतो. अशा वेळी पुष्कळजण नवा टायर मागे टाकतात. तसे करू नये. पुढचा बरा टायर मागे घ्यावा आणि नवा पुढे बसवावा. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खालीच.

टायर घेताना माप नीट वाचावे. '२६' एवढाच आकडा पाहून चालत नाही. माउंटन सायकलचा २६ × १.९५ आणि जुन्या लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ हे एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. जुना टायर दुकानात दाखवावा हे उत्तम. रोज डांबरावरच जायचे असेल तर मधोमध सलग रबराची पट्टी असलेला टायर मागावा. तो सावकाश झिजतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहूनच चाक बसवावे.

वीणेची तार

त्या संध्याकाळी भाच्याला मी सोण कोळिविसाची गोष्ट सांगितली. चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत त्या भिक्खूने साधना केली आणि निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत होती का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. मग तथागतांनी त्याला प्रयत्नही असाच बेताचा ठेवायला सांगितले. भाचा हसला आणि म्हणाला, "म्हणजे गेज पाहिजेच!"

आता दर रविवारी वंदनेहून आल्यावर तो आणि त्याची धाकटी बहीण दोघे मिळून हवा तपासतात. पुढे ३८, मागे ४२, हा त्याचा आकडा ठरला आहे. आकडा वहीत लिहिण्याचे काम बहिणीकडे आहे आणि पंक्चर काढायलाही ती शिकली आहे. हे काम मुलांचेच असे कोणी समजू नये. दिवाळीनंतर मुले पुन्हा भाज्याला जाऊन आली. त्या वळणावर खडी अजून होतीच.

ज्यांच्या घरी सायकलवर कोणाची पाळी किंवा शाळा अवलंबून आहे, त्यांनी येत्या रविवारी पाच मिनिटे काढावीत. दोन्ही चाके फिरवून पाहावीत, बाजूवरचा आकडा वाचावा, हवा मोजावी. नवा टायर घेण्याचे पैसे आणि खाड्याची मजुरी, दोन्ही घरात राहतील.

जयभीम.