लाकडी कोर्टावरून जड गाडा नेण्याआधी

धाराशिव जिल्ह्यातल्या घरांमध्ये पायाखाली बहुधा फरशी असते, आणि जुन्या घरांत ती शहाबादी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून आलेल्या या दगडावरून कपाट ओढले काय किंवा सोयाबीनचे पोते फरफटत नेले काय, आपण फारसा विचार करत नाही. लाकडी जमीन आपल्याला भेटते ती बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, नाट्यगृहाच्या रंगमंचावर किंवा हौसेने बांधलेल्या नव्या बंगल्यात. तिथे फरशीची सवय महागात पडते.

शिवाय असे हॉल नुसते खेळापुरते राहत नाहीत. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये मावळ मतदारसंघाची मतमोजणीसुद्धा झाली आहे. कार्यक्रम आला की टेबले, लोखंडी कपाटे, स्पीकरचे खोके चाकांच्या गाड्यांवरून आत येतात. जमिनीवरचे पॉलिश ते सोसेल का, हे आधीच तपासून घेता येते. प्रयोगशाळा नसली तरी चालते.

आधी जमिनीची रचना समजून घेऊ. सर्वांत खाली काँक्रीट, त्यावर लाकडी रिपा किंवा रबराच्या गाद्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पॉलिश. हे पॉलिश बहुतेक ठिकाणी ‘पीयू’चे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असते. वाळल्यावर पारदर्शक आणि चिवट पापुद्रा धरणारा हा लेप आहे. तीन हात मारले तरी त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरते. एवढा पातळ थर वजन पेलत नाही, वजन लाकूड पेलते. लाकूड दबले की पॉलिशला त्याच्याबरोबर वाकावे लागते आणि ते जमले नाही की ते तडकते. म्हणून नुसत्या पॉलिशची चाचणी करून उपयोग नाही. लाकूड, खालचा आधार आणि पॉलिश यांची एकत्र चाचणी करावी लागते.

पहिली पायरी वजनाची. गाडा भरून भुईकाट्यावर नेला तर एकूण वजन कळते, पण आपल्याला हवे असते एकेका चाकावरचे. त्यासाठी आडत दुकानातला प्लॅटफॉर्म काटा बरा. एक चाक काट्यावर ठेवावे आणि बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्या उंचीचे ठोकळे द्यावेत, म्हणजे गाडा कलत नाही. चारही चाकांचा आकडा असाच घ्यावा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकूण वजनाला सरळ चारने भागणे. जमीन जराशी उंचसखल असली की एखादे चाक अधांतरी राहते आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांवरच बहुतेक भार येतो. ४०० किलोच्या गाड्याचा हिशेब म्हणून चाकामागे १०० नव्हे, २०० किलो धरून करावा.

दुसरी पायरी चाकाची. चाक जमिनीला किती जागेत टेकते, यावर सगळे अवलंबून असते. समजा, नायलॉनचे कडक चाक ३ सेंटीमीटर रुंद आहे आणि लांबीत अर्धा सेंटीमीटरच टेकते. जागा झाली दीड चौरस सेंटीमीटर, म्हणजे २०० किलोचा दाब चौरस सेंटीमीटरला १३० किलोच्या वर. तेवढ्याच रुंदीचे मऊ चाक २ सेंटीमीटर टेकले तर हाच दाब ३३ किलोंवर येतो. फक्त काळ्या रबराच्या चाकापासून सावध राहावे. ते एकाच जागी फार वेळ उभे राहिले तर रबरातले द्रव्य पॉलिशमध्ये उतरून तपकिरी डाग पडू शकतो, आणि तो पुसून जात नाही. डाग न पाडणारी फिक्या रंगाची चाके मिळतात, ती घ्यावीत.

तिसरी पायरी नमुन्याची. जमिनीत वापरलेल्या लाकडाचाच साधारण एक मीटर लांब-रुंद तुकडा सुताराकडून जोडून घ्यावा आणि त्यावर जमिनीवरचेच पॉलिश मारावे. लाकूड बदलले की निकाल बदलतो. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची जांका नावाची पद्धत आहे. तीत ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. खेळाच्या जमिनीला वापरतात त्या हार्ड मेपलला सुमारे ६,४५० न्यूटन लागतात, तर सागवानाला ५,०००च्या आतबाहेर. सागवान टिकाऊ खरे, पण वाळवी आणि पाण्यापुढे टिकणे वेगळे आणि चाकाखाली न दबणे वेगळे.

नमुना ठेवायचा तोही प्रत्यक्ष जमिनीसारखाच. कोर्टाखाली रिपा असतील तर नमुन्याखालीही तेवढ्याच अंतरावर रिपा हव्यात. नमुना थेट काँक्रीटवर ठेवून पाहिला तर तो हमखास पास होतो. खऱ्या कोर्टावर मात्र दोन रिपांमध्ये फळी लवते आणि सांध्यावर पॉलिश फाटते.

चौथी पायरी थांबण्याची, आणि घाईमुळे सगळ्यात जास्त बिघडते ते इथेच. हाताला कोरडे लागले म्हणजे पॉलिश पक्के झाले असे नाही. पाण्यावर आधारलेल्या पीयूला पूर्ण ताकद यायला आठवडाभर लागू शकतो, तेलावर आधारलेल्याला महिनाभरही. मे महिन्यातल्या गरम वाऱ्यात वरचा थर दुधावरच्या सायीसारखा पटकन धरतो आणि आतला द्रव अडकून राहतो. डब्यावर लिहिलेली मुदत पूर्ण होऊ द्यावी.

हवेचा परिणाम लाकडावरही होतो. भर उन्हाळ्यात हवा फार कोरडी पडली की लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत १५ टक्क्यांच्या आसपास चढतो. फळ्या आक्रसतात, फुगतात आणि सांध्यांवरचे पॉलिश ताणले जाते. शक्य असेल तर एक चाचणी उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात घ्यावी.

पाचवी पायरी म्हणजे आधीची नोंद. नमुन्यावर चाक जिथून जाणार तिथे पेन्सिलने दोन रेघा माराव्यात. अंधार करून टॉर्च जमिनीलगत तिरपा धरावा आणि फोटो काढावा. समोरून प्रकाश पडला तर खळगे दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशात केसाएवढी रेघही उठून दिसते. ही नोंद नसेल तर ओरखडा आधीचा की नंतरचा, यावरून नंतर वाद होतात.

सहावी पायरी प्रत्यक्ष चालवण्याची. अंदाज यावा म्हणून एक माप ध्यानात ठेवू. खेळाच्या बंदिस्त जमिनींसाठीच्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकात एका चाकावर १,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे १५३ किलो भार देऊन ते चाक त्याच वाटेने वारंवार फिरवतात. त्यानंतर राहिलेला खळगा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही.

आपण गाड्यावर सिमेंटची ५० किलोची पोती रचून भार चढवत न्यावा. आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्चने पाहावे. सरळ नेऊन झाल्यावर गाडा जागच्या जागी वळवावा. चाक पीळ देत फिरते तेव्हा पॉलिशवर खरा ताण येतो, आणि बहुतेक जण नेमके हेच करून पाहत नाहीत. मग भरलेला गाडा रात्रभर एका जागी उभा ठेवावा. सगळ्यात शेवटी चाकाला चिमूटभर मुरुमाची कच लावून एक फेरी मारावी. प्रत्यक्षात गाडा अंगणातून आत येतो तेव्हा ही कच बरोबर येतेच.

सातवी पायरी निकाल वाचण्याची. वाटेवर आडवी सरळपट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने, म्हणजे गॅरेजमध्ये असतात त्या पातळ मोजपात्यांनी मोजावी. लाकूड थोडे परत फुगते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून तो आकडा धरावा. मग वाटेवर पाण्याचा थेंब ठेवून काही मिनिटे थांबावे. खालचे लाकूड काळपटले तर पॉलिशला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे. शेवटी नमुन्यावर कटरने ६ उभ्या आणि ६ आडव्या बारीक चिरा पाडून त्यावर चिकटपट्टी दाबून उपटावी. चौकटीतले तुकडे पट्टीबरोबर आले तर पॉलिशची पकड कच्ची आहे.

आता दोष कुणाचा ते ठरवता येते. खळगा पडला पण पॉलिश अखंड असेल, तर पॉलिशवाल्याला बोल लावू नये, दाब जास्त आहे. एका थरावरून दुसरा थर सुटत असेल, तर दोन हातांच्या मध्ये घासपेपर नीट फिरवलेला नाही किंवा मधल्या वेळेचे गणित चुकले आहे. सांध्यावर चीर आणि पायाखाली करकर असेल, तर खालच्या रिपा पाहाव्यात. नुसते ओरखडे असतील, तर दारात चाके पुसण्याची सोय करावी.

उपाय मात्र स्वस्तापासून महागाकडे जातात: चाके पुसणे, मोठी आणि मऊ चाके लावणे, वाटेवर प्लायवूड अंथरणे, आणि मग नवे पॉलिश. प्लायवूडखाली स्वच्छ, जाड कापड घालावे आणि दोन तक्त्यांच्या कडा जुळवून चिकटपट्टीने बांधाव्यात, नाहीतर चाक नेमके त्या फटीत आपटते.

चाचणीत जो भार सुखरूप गेला, त्याच्या निम्मा भार हीच हॉलची मर्यादा धरावी आणि ती चाकामागे किती किलो, कोणत्या प्रकारच्या चाकाला, अशी स्पष्ट लिहून हॉल भाड्याने देण्याच्या करारात घालावी. ‘जड सामान आणू नये’ एवढेच लिहिले तर मंडपवाल्याच्या लेखी त्याचे कुठलेच सामान जड नसते.