फोन कोण उचलणार? दर्यावरचं संकटयंत्र घेताना

आम्ही निगडीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. तुम्ही म्हणाल, निगडीत समुद्र कुठला? खरं आहे. इथे दिसतात त्या कंपन्यांच्या बस आणि चाकण-भोसरीच्या शिफ्टला निघालेली माणसं. पण आमच्या गटातल्या दोघींचं माहेर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला. आणखी एकीचा मुलगा इथून जवळच, तळेगावच्या पुढे इंदोरीला जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घेतोय. त्यामुळे समुद्र दिसत नसला तरी घरात आहेच.

विषय निघाला तो जून महिन्यात. पावसाळी बंदी लागलेली, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. आमच्या मैत्रिणीला भावाचा फोन आला, "ताई, तुमच्या गटातून वीस हजार मिळतील का? एक यंत्र स्वस्तात येतंय." मोडीत काढलेल्या मोठ्या जहाजावरचं संकटयंत्र होतं ते. नारिंगी रंगाचं, दिसायला नवंच, बटण दाबलं की दिवा लागतो. होडी बुडायला लागली तर उपग्रहाला संदेश जातो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

कर्ज द्यायला आमची ना नव्हती. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा हीच मैत्रीण निगडीत नवी नवरी होती. भाऊ दर्यावर आणि घरचा फोन लागत नाही, असे तीन दिवस तिने काढले. भाऊ आला. सगळ्यांचे भाऊ आले नाहीत. त्यामुळे यंत्र हवं, यात वादच नव्हता. पण गटाचे पैसे द्यायचे तर वस्तू कळली पाहिजे, म्हणून आम्ही चौकशीला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की असं यंत्र स्वतः कुणाला वाचवत नाही. ते फक्त हाक मारतं. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. होडीवरचा वायरलेस सेट आसपासच्या होड्यांपर्यंत पोचतो. त्यापलीकडे हाक न्यायला उपग्रह लागतो. जगभर त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झ ही एकच लहर राखून ठेवली आहे. १९८२ साली या व्यवस्थेने पहिल्यांदा माणसं वाचवली, आणि ती बोटीतली नव्हती, कॅनडात पडलेल्या छोट्या विमानातली होती. आपल्याकडे ही हाक इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात उतरते. तिथून ती तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्यासाठी मुंबईला जाते. मग जहाज, हेलिकॉप्टर निघतं, नाहीतर जवळून जाणाऱ्या जहाजाला, मासेमारी होडीला वाट वळवायला सांगतात.

आता ते स्वस्तातलं यंत्र. प्रत्येक ४०६ च्या यंत्रात १५ अक्षर-अंकांचा एक कोड भरलेला असतो. कोणत्या देशाचं, कोणत्या बोटीचं, ते त्यावरून कळतं. मोडीतल्या यंत्रात कोड त्या जुन्या जहाजाचाच राहतो. उद्या भावाची होडी उलटली आणि यंत्र वाजलं, तर शोधणारे एका मोठ्या जहाजाच्या शोधात राहणार. फोन जाणार जुन्या मालकाला, आणि तो म्हणणार, "आमचं जहाज तर केव्हाच तोडलं." त्या घोळात किती वेळ जाईल? पाण्यातल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. बरं, बटण दाबल्यावर लागणारा दिवा तेवढ्या क्षणापुरता खरा. आतल्या बॅटरीवर संपण्याची तारीख छापलेली असते, ती उलटली असेल तर यंत्र दोन दिवस बोलेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्याहून जुनी, नुसती १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलणारी यंत्रंही काही ठिकाणी पडून असतात. ती लहर ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंदच केलंय. तसलं यंत्र म्हणजे बहिऱ्यापुढे हाका.

तेव्हा आमचं मत सांगतो: हे यंत्र सेकंडहँड घेऊ नये. आणि लगेच नवीन महागडं घ्यायलाही धावू नये. आधी होडीवर काय आहे ते बघावं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "डॅट आहे की केबिनमध्ये. पण ते कोण वापरतंय?"

डॅट म्हणजे मच्छिमारांसाठी इस्रोनेच बनवलेलं संकटयंत्र. २०१० पासून ते चालू आहे आणि देशात वीस हजारांवर होड्यांवर आहे. बटण दाबलं की होडीची ओळख आणि ठिकाण आपल्याच उपग्रहामार्फत बेंगळुरूला जातं. त्याची एक उणीव होती. हाक मारणाऱ्याला ती ऐकू गेली की नाही ते कळत नसे. काळोखात, लाटांत बटण दाबून बसायचं आणि देवावर हवाला. २०२४ साली इस्रोने त्याची दुसरी पिढी आणली. तिच्यात "संदेश मिळाला" असं उत्तर परत येतं, वादळाची सूचना आधी येते, मोबाईल जोडला तर ती आपल्या भाषेत वाचताही येते. उत्तर आलं की माणूस धीर धरतो, होडी सोडून उगाच पाण्यात उडी घेत नाही. हा फरक आम्हाला यंत्राच्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटला.

शिवाय ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. देशभरातल्या १ लाख यांत्रिक होड्यांसाठी ती आहे. त्यातही दोन्ही बाजूंनी संदेश जातो-येतो. आपल्या होडीचा नंबर त्यात आहे का, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा सोसायटीत विचारायचं. खिशातले पैसे काढायच्या आधी विचारायचं.

मोठ्या ट्रॉलरवाल्याला, आठ-दहा दिवस खोल दर्यावर राहणाऱ्याला, स्वतःचं ४०६ चं यंत्र घ्यावंसं वाटलं तर त्याने जीपीएस आत असलेलंच घ्यावं. जीपीएस नसेल तर शोधाचा घेर काही किलोमीटरचा होतो, असेल तर शंभर-एक मीटरचा. बोटीवरचं यंत्र निदान ४८ तास बोलतं, माणसाच्या जॅकेटला लावायचं छोटं यंत्र निदान २४ तास. बोटीवरच्या यंत्राचा एक प्रकार असा असतो, की बोट बुडाली तर पाण्याच्या दाबाने कडी सुटते आणि यंत्र आपोआप वर येऊन बोलू लागतं. ही कडी दीड ते चार मीटर खोलीवर सुटते आणि दर दोन वर्षांनी बदलावी लागते. पण चोरीच्या भीतीने तेच यंत्र केबिनमध्ये कपड्यांच्या ट्रंकेत ठेवलं, की ते बोटीबरोबर तळाला गेलंच म्हणून समजा. त्याची जागा उघड्यावर, वर जाळं-दोऱ्या नसतील अशी हवी.

इथे एक सावधगिरी. परदेशातले नातेवाईक प्रेमाने सॅटेलाइट फोन किंवा डोंगर चढणारे वापरतात तसलं उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आणतो म्हणतात. परवानगीशिवाय ते आपल्या देशात चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईला अशाच यंत्रापायी अडवलं होतं. भेट म्हणून आलेली वस्तू पोलीस चौकीत नेऊ नये.

इंदोरीला मुलगा असलेल्या मैत्रिणीने विचारलं, मग माझ्या मुलाला एखादं घेऊन देऊ का? तर मोठ्या जहाजावर हे सगळं कायद्यानेच असतं, त्याला वेगळं नको. आईने मात्र जहाजाचं नाव, त्याचा सात आकडी आयएमओ नंबर आणि कंपनीचा तातडीचा फोन लिहून ठेवावा. जहाजाची नावं बदलतात, तो नंबर बदलत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. यंत्र वाजलं की बचाव केंद्र नोंदणीतल्या नंबरावर फोन करतं. होडी खरंच बाहेर आहे का, किती माणसं, कुठल्या बाजूला गेली, रंग कुठला. कारण कित्येक हाका चुकून गेलेल्या असतात, धुताना पाणी लागलं, पोराने बटण दाबलं. म्हणून चुकून यंत्र लागलं तर गुपचूप बंद करून बसू नये. बंद करून लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ वर "चूक झाली, आम्ही सुखरूप आहोत" असं कळवावं. त्याबद्दल लाजू नये.

तर हा फोन कोण उचलतं? तांडेल तर दर्यावर. उचलते ती घरातली बाई. भावाच्या डॅटच्या नोंदीत कुणाचा नंबर आहे ते आम्ही बघायला लावलं. नंबर निघाला वडिलांचा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, ते सिमही बंद पडलेलं.

कर्ज आम्ही दिलं, पण त्या नारिंगी यंत्रासाठी नाही. त्यातून सगळ्या खलाशांना दिवा आणि शिट्टी असलेली लाइफ जॅकेटं आली. डॅटची तपासणी झाली, तो केबिनच्या कप्प्यातून निघून तांडेलाच्या हाताशी आला. नोंदीत आता पहिला नंबर वहिनीचा आहे, दुसरा निगडीचा. वहिनीने स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. त्यावर होडीचा नंबर, रंग, १५५४, आणि खाली रोज होडी सुटताना पेन्सिलने किती माणसं गेली तो आकडा. होडी आली की ती तो खोडते.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या. आमची मैत्रीण तेव्हापासून रात्री फोन सायलेंटवर ठेवत नाही. नवरा कुरकुरतो. त्याची सकाळची शिफ्ट असते.